सात पिढ्यांची सरळ रेघ

बिदरकडच्या चिटगुप्प्याच्या वंशवृक्ष मंडळाचे वर्ष वैशाखातल्या बसवजयंतीला सुरू होते आणि बसवजयंतीलाच संपते. मंडळ भरते ते सिद्धप्पा शेटकार यांच्या भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. तिथे पोचायला घागरी, घमेली आणि डब्यांच्या उतरंडीतून अंग चोरून वाट काढावी लागते. सभासद एकोणीस आहेत. त्यांतले सहा दर महिन्याला येतात, बाकीचे ज्या बैठकीला शिरा असेल त्या बैठकीला येतात.

मंडळाचे काम ठरलेले असे. दरवर्षी चिठ्ठी टाकून गावातले एक घराणे निवडायचे. वर्षभर त्याच्या पिढ्या शोधायच्या, मांजरपाटाच्या लांबरुंद कापडावर त्याचे झाड रंगवून घ्यायचे आणि पुढच्या बसवजयंतीला ते चौकात टांगायचे. मग त्या घरच्या कर्त्या माणसाने सगळ्या गावासमोर उभे राहून नावे म्हणून दाखवायची. झाडावर नाव चढायला नियम एकच होता: एक कागद आणि एक तोंड. ते नाव कुठेतरी लिहिलेले सापडले पाहिजे आणि त्या घरच्या कर्त्याखेरीज आणखी कुणीतरी तोंडाने सांगितलेही पाहिजे. हा नियम अध्यक्ष म्हणून सिद्धप्पांनीच केला होता आणि तो ते न्यायाधीशाच्या कडकपणाने पाळीत.

त्या वर्षी चिठ्ठी उघडली आणि नाव निघाले ते त्यांच्याच घराण्याचे.

"आमच्या झाडाला काय लागतंय!" सिद्धप्पा म्हणाले. त्यांचा आनंद लपत नव्हता. "सरळ ताडावानी हाय. ना फांदी, ना ढोली."

आणि त्यांनी तिथल्या तिथे म्हणून दाखवले. शेटकारांच्या घरात थोरल्या नातवाला आज्याचे नाव ठेवायची रीत. त्यामुळे त्यांच्या पिढ्या पाळण्याच्या झोक्यासारख्या इकडून तिकडे, तिकडून इकडे येत. "मी सिद्धप्पा. माझा बाप मल्लप्पा. त्याचा बाप सिद्धप्पा. त्याचा मल्लप्पा. त्याचा सिद्धप्पा, त्याचा मल्लप्पा, त्याचा सिद्धप्पा. झाल्या सात!"

"एवढं सोपं आसंल तर वरीसभर आमी काय करावं, अण्णा?" चांगुणाबाई म्हणाल्या. त्या मंडळातल्या सर्वांत वडील सभासद, शहाऐंशी वर्षांच्या. "पत्ते खेळायचं का?"

सगळे हसले. चांगुणाबाईंचे भाचे धम्मानंद, मंडळाचे चिटणीस, तेवढे हसले नाहीत. तहसील कचेरीच्या अभिलेख खोलीत त्यांची एकतीस वर्षे गेली होती. त्यांनी वहीत सात ओळी आखल्या आणि प्रत्येक ओळीपुढे दोन रिकामे चौकोन काढले. एक कागदासाठी, एक तोंडासाठी.

त्याच दिवशी दुपारी घरी मात्र निराळीच बैठक भरली. सिद्धप्पांची एकुलती एक मुलगी नेत्रावती सणाला माहेरी आली होती. तिचा नवरा शिवकुमार हुबळीला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या डेपोत कामाला होता. जेवणे झाल्यावर तिने विषय काढला.

"अप्पा, ह्यांची पुढल्या साली बेळगावला बदली व्हायलीय. पुढचा वैशाख संपायच्या आत व्हय-न्हाई कळवायचं हाय. त्यांच्या मनात नोकरी सोडून इथंच यायचं हाय. दुकान बघतेत. तुमचं वय झालं आता."

"इथं म्हंजी कुठं?"

"इथं म्हंजी ह्या घरात. दुसरं कुठं?" असे म्हणाल्या त्या सिद्धप्पांच्या पत्नी ईरम्मा. सुपारी कातरता कातरता त्यांनी मान वर केली नव्हती.

सिद्धप्पा ताठ बसले. जावई त्यांना मनापासून आवडत असे. त्याचा हिशोबी स्वभाव, गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत, भांडे टिचकी मारून पारखण्याची सवय, सगळेच आवडे. पण जावई पाहुणा म्हणून यावा, चार दिवस पाटावर बसावा आणि जावा. घरजावई म्हटले की त्यांच्या कपाळावर आठी चढे. गावातल्या कुणाकुणाच्या घरजावयांवर त्यांनी आजवर केलेल्या विनोदांची एक लहानशी पोथी झाली असती.

"शेटकाराच्या घरात सात पिढ्यांत घरजावई न्हाई," ते म्हणाले, "आन आठवीत व्हणार न्हाई. पुढच्या बसवजयंतीला दुकान बंद करतो. मोबाईलवाला जागा मागायलाय, त्याला देऊन टाकतो."

नेत्रावतीने उष्टी ताटे उचलली. ईरम्मांच्या अडकित्त्याचा आवाज तेवढा जरा मोठा झाला.

पावसाळाभर मंडळाचे काम झपाट्याने चालले. सिद्धप्पांचे वडील शाळेच्या दाखल्यात सापडले. आजोबा निजामाच्या काळातल्या जमिनीच्या पहाणीत सापडले. ती उर्दूतली होती आणि धम्मानंद उर्दू अशी वाचीत की ऐकणाऱ्याला ती आपल्याला येते असे वाटावे. मात्र पणजोबांपाशी, म्हणजे चौथ्या ओळीतल्या मल्लप्पांपाशी, गाडी अडली. ना कागद, ना तोंड.

"चढवा की वर," श्रावणातल्या बैठकीत सिद्धप्पा म्हणाले. "आज्याचं नाव नातवाला, एवढी साधी गोष्ट. माझा बाप मल्लप्पा, म्हणजे त्याचा आजा मल्लप्पाच असणार. त्याला कागद कशाला?"

धम्मानंदांनी चष्मा काढून पुसला. "अण्णा, गेल्या साली चिठ्ठी आमची निघाली व्हती. माझ्या पणजीचं नाव तुमी तीन बैठका खाली ठेवलं. आत्या तोंडानं सांगायली व्हती, कागद न्हाई म्हणून."

ते खरे होते. धम्मानंदांच्या घराण्याच्या पिढ्या कुणी कधी लिहून ठेवल्या नव्हत्या. वंशावळी सांगणारे लोक त्यांच्या वस्तीकडे फिरकतच नसत. जे काही होते ते चांगुणाबाईंच्या आठवणीत. अखेर धम्मानंदांनी एका जुन्या तळ्याच्या कामाची मजुरांची हजेरी शोधून काढली. तिच्यात त्या पणजीचे नाव होते, पुढे अंगठा होता. चौथ्या बैठकीत त्यांनी ती सिद्धप्पांपुढे ठेवली आणि सिद्धप्पांनी उठून उभे राहून ते नाव झाडावर चढवले होते.

"व्हय," सिद्धप्पा आता जरा खाली आवाजात म्हणाले. "नियम म्हंजी नियम. मग तोंड कुठून आणायचं?"

"हेळवी बोलावू," धम्मानंद म्हणाले.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या पिढीजात सांभाळणारे लोक. पूर्वी सुगी झाली की बैलावर बसून येत, दारात बसून कानडीत त्या घराचा सगळा वंश म्हणत आणि सुपातून धान्य घेऊन पुढच्या गावी जात. चिटगुप्प्याला ते यायचे थांबल्याला साठ वर्षे झाली होती. धम्मानंदांनी दसऱ्यापासून फोन लावायला सुरुवात केली आणि मार्गशीर्षात शेटकारांचा हेळवी दारात येऊन उभा राहिला. नाव नागेंद्र, वय पंचेचाळीस. मोटारसायकलच्या टाकीवर कापडात बांधलेली चोपड्यांची चळत.

"बैल कुठाय?" ईरम्मांनी विचारले.

"ह्यो काय अक्का. गवताच्या जागी पेट्रोल खायलाय, एवढाच फरक."

अंगणात घोंगडी अंथरली. सहाही नियमित सभासद आले. ईरम्मांनी सूपभर जवारी आणून ठेवली. नागेंद्राने डोळे मिटले आणि मुळापासून म्हणायला सुरुवात केली. कानडीचे ते जुने, लयीतले शब्द ऐकून सिद्धप्पांचे डोळे भरून आले. ते गुडघ्यावर ताल धरून बसले. सिद्धप्पाचा मल्लप्पा, मल्लप्पाचा सिद्धप्पा. अगदी त्यांच्या पाठातल्यासारखे.

"ह्या सिद्धप्पाला ल्योक न्हाई," नागेंद्र त्याच लयीत म्हणाला. "लेक एकच, नीलम्मा. नीलम्माचा दादला ठाणाकुशनूरचा बसवप्रभु. बैलगाडीनं आला, ह्याच घरी राहिला. नीलम्मा-बसवप्रभुचा सिद्धप्पा, सिद्धप्पाचा मल्लप्पा..."

गुडघ्यावरचा हात थांबला.

"चुकलास," सिद्धप्पा म्हणाले. "मागून म्हण."

नागेंद्राने मागून म्हटले. नीलम्मा पुन्हा आली, तिच्यामागून बसवप्रभुही आला.

"तुझी चोपडी चुकलीय!"

"माझ्या पणज्यानं लिव्हलंय, अण्णा," नागेंद्र शांतपणे म्हणाला. "त्याच बसवप्रभुनं वाढलेली जवारी खाऊन. खाल्ल्या घरचं नाव आमी चुकवत न्हाई."

झाले होते ते इतकेच. घरात नावांचा झोका चालू होता. मध्येच एक परके नाव आले, ते कुणाच्या जिभेवर बसेना आणि पुढच्या दोन पिढ्यांत तिथे लयीने आपोआप मल्लप्पा येऊन बसला. लबाडी कुणी केली नव्हती. घरचे नाव पुढे चालावे म्हणून नीलम्माच्या मुलाला तिच्या वडिलांचे नाव दिले, तिच्या नातवाला तिच्या आज्याचे, मल्लप्पाचे. शेटकारांच्या घरात प्रत्येक आज्याचे नाव नातवाकडे परत आले होते. एकट्या बसवप्रभुचे कधीच आले नव्हते.

ईरम्मा लगबगीने उठल्या. "आणखी एक सूप जवारी आणते," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद सिद्धप्पांनी नेत्रावतीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"थांबा!" सिद्धप्पांनी हात वर केला. "तोंड झालं एक. चोपडीबी त्यातच धरायची. कागद कुठाय? नियम म्हंजी नियम."

धम्मानंदांनी चौथ्या ओळीपुढच्या एका चौकोनात खूण केली आणि दुसरा मोकळा ठेवला.

पुढचे दिवस सिद्धप्पांना घरात जड गेले. ईरम्मा ताट वाढताना म्हणत, "जावयाच्या वंशाला आणखी भाकर वाढू का?" ते भाकर कुस्करत राहत. मनातल्या मनात एकच जप चालू होता: कागद न्हाई, कागद न्हाई.

येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या, दोन दिवस आधी धम्मानंद दुकानात आले. "ठाणाकुशनूरचं घर सापडलं, अण्णा. येळवशीला शेतात जेवायला बोलवायलेत. यायलाव का?"

"यायलोय की," सिद्धप्पा म्हणाले. "तोंडावर सांगून येतो, तुमचा काय संबंध न्हाई म्हणून."

बिदरला बस बदलून ते पोचेपर्यंत दुपार झाली. रानात हरभरा आणि करडई दाटून उभी होती. कडब्याच्या खोपीत लक्ष्मीची पूजा झालेली होती आणि शेतभर माणसांचे घोळके जेवायला बसले होते. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा एक धिप्पाड गृहस्थ धावत बांधावर आला. त्याने वाकून सिद्धप्पांच्या पायांना हात लावला.

"चिटगुप्प्याचं कुणी येईल असं आमचा आजा मरेस्तवर म्हणायला व्हता. लई उशीर केलाव!"

"तुमचं नाव?" सिद्धप्पांनी विचारले.

"बसवप्रभु."

 सिद्धप्पांना खोपीसमोर बसवले गेले, पुढ्यात मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि गाडग्यातले आंबील आले. पाच-सहा जणी आलटून पालटून वाढू लागल्या. सांगायचे ठरवून आणलेले वाक्य पहिल्या घासाबरोबर पोटात गेले.

"आमच्यात तुमचा बसवप्रभु धाकटा भाऊ," यजमान सांगू लागला. "तिकडं नातू झाला, त्याचं नाव मल्लप्पा ठेवलं, असं कळलं. थोरल्या भावाला लई वाईट वाटलं. भावाचं नाव वाया जाऊ नये म्हणून त्यानं आपल्याच नातवाला ठेवलं. त्यो माझा आजा. आन त्याचं मला आलं. तुमचं नाव आमी इकडं सांभाळलंय बगा!"

आजूबाजूचे हसले. सिद्धप्पांच्या हातातला उंडा हातातच राहिला.

मग यजमानाने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून घडी घातलेला एक कागद काढला. धम्मानंदांनी हात पुसून तो मांडीवर पसरला आणि उर्दूतून सावकाश अर्थ सांगितला. आपण चिटगुप्प्याच्या सिद्धप्पाचे जावई, त्यांची लेक नीलम्मा हिचे पती, म्हणून त्यांच्याच घरी राहत आहोत, इकडे परत येण्याचा विचार नाही, म्हणून जमिनीतला आपला हिस्सा थोरल्या भावास राजीखुशीने देत आहोत. खाली वाकडी सही. बसवप्रभु.

यजमानाने कागद त्यांनाच देऊन टाकला. परतीच्या बसमध्ये धम्मानंदांनी तो सिद्धप्पांच्या हातात ठेवला. "तुमी सांगेस्तवर बैठकीत मी काय बोलणार न्हाई. घर तुमचं हाय."

"समजा, न्हाई दाखवला?"

"तर बसवप्रभु चढत न्हाई. पण मल्लप्पाही चढत न्हाई. त्याला तर दोन्ही चौकोन रिकामे. तिथं मोकळी जागा सोडू."

"म्हंजी माझा आजा आभाळातून पडला!"

"झाडावर तसंच दिसंल," धम्मानंद गंभीरपणे म्हणाले, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. कंडक्टरने वळून पाहिले.

कागद सिद्धप्पांच्या सदऱ्याच्या खिशात पौष राहिला, माघ राहिला, फाल्गुनातही तिथेच होता. नेत्रावतीचा फोन येई. ती बदलीचे बोलत नसे, फक्त तब्येत विचारी. तिच्यामागे शिवकुमारचा आवाज ऐकू येई: "मामांना म्हणावं, गुडघ्याला तेल लावा." सिद्धप्पांना वाटे, तिकडून एक माणूस जमीन सोडून, भाऊ सोडून इथे राहायला आला. जन्मभर हे घर चालवले. आणि आपण त्याला नावासकट पुसून, त्याच्याच जागेवर उभे राहून घरजावयांना हसत आलो.

उन्हे तापू लागली तेव्हा रंगारी माडीवर आला. वरच्या तिघांचे कागद धम्मानंदांनी दरम्यान शोधून काढले होते आणि झाड जवळजवळ पुरे झाले होते. चौथ्या पिढीचे वर्तुळ रिकामे होते.

"इथं काय लिवू, मालक?"

सिद्धप्पांनी 'मल्लप्पा' म्हणायला तोंड उघडले. मग समोर बसलेल्या धम्मानंदांकडे पाहिले. या माणसाने आपल्या पणजीच्या एका अंगठ्यासाठी तीन-चार महिने धूळ उपसली होती आणि नकार ऐकून एकदाही आवाज चढवला नव्हता. त्यांनी खिशातून कागद काढला, धम्मानंदांच्या वहीवर ठेवला आणि म्हणाले, "मारा खूण. आन वर्तुळ मोठं करा रे. दोन नावं बसवायचीत."

बसवजयंतीच्या दिवशी मिरवणूक संपल्यावर कापड चौकात टांगले गेले. नेत्रावती आणि शिवकुमार सकाळीच हुबळीहून आले होते. ठाणाकुशनूरहून तर जीप भरून अकरा माणसे आली होती. ईरम्मांनी त्यांना पाहून हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, भांड्यात आणखी गहू घातले. शिवकुमार कापडाचा एक बांबू धरून उभा होता. वारा होता आणि कापड सारखे फुगत होते.

सिद्धप्पा समोर आले. गावाला त्यांचा पाठ तोंडपाठ होता. लोक त्यांच्याबरोबर म्हणूही लागले. "मी सिद्धप्पा. माझा बाप मल्लप्पा. त्याचा बाप सिद्धप्पा. त्याचा..."

"मल्लप्पा!" चौक एका आवाजात म्हणाला.

"न्हाई," सिद्धप्पा म्हणाले. "त्याची आई नीलम्मा. ह्या घरची लेक. त्याचा बाप बसवप्रभु, ठाणाकुशनूरचा. आमच्या घरचा घरजावई."

 मग पाठीमागून कुणीतरी, बहुधा सिद्धप्पांच्या विनोदांनी पोळलेल्यांपैकी, टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि हसण्याचा एकच कल्लोळ उठला. "अण्णा, आता आमचं कसं?" कुणी ओरडले. "आमाला जेवढं हसलाव तेवढं परत घ्या!"

"घेतलं! घेतलं!" सिद्धप्पा हात जोडून म्हणाले. त्यांनाही हसू येत होते. कान मात्र लाल झाले होते. उरलेली तीन नावे त्यांनी त्या गोंधळातच म्हणून टाकली.

गर्दी पांगून जेवणाकडे वळली तेव्हा ते बांबूजवळ गेले. शिवकुमार बांबू सोडायला तयार नव्हता, वारा अजून पडला नव्हता. सिद्धप्पांनीही एका हाताने तो धरला.

"जावईबापू," ते म्हणाले, "दुकानाचं शटर लई जड झालंय. माझ्यानं एकट्यानं उचलंना."

शिवकुमारने त्यांच्याकडे पाहिले. मग नेत्रावतीकडे. ती पत्रावळी हातात घेऊन तिथेच थबकली होती.

"किती वाजता उघडताव, मामा?"

"नऊला."

"लई उशीर करताव. गिऱ्हाईक आठला बाजारात येतंय."

"आलं का!" सिद्धप्पा उसळले. "अजून घरात पाय न्हाई ठेवला, तवर माझ्या दुकानाची वेळ बदलायलेत!"

"कामून वरडायलाव?" ईरम्मा पळी घेऊन मध्ये आल्या. "बरोबरच सांगायलेत ते. आन मोबाईलवाल्याला आजच्या आज न्हाई म्हणून सांगा. नेत्रा, बेळगावला काय कळवायचं ते तू कळव."

"कळवते," नेत्रावती म्हणाली आणि पत्रावळी तशाच घेऊन फोन शोधायला निघाली. मागे पंगतीत ठाणाकुशनूरची अकरा माणसे पत्रावळींची वाट पाहत बसली होती. चांगुणाबाई त्यांच्यामध्ये बसून, त्यांच्या आज्याची आजी कोण होती, ते विचारत होत्या.